पट्टीखालचं नाव

मानसिंगला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. साताऱ्याहून नेरुळला आलेला हा एक्स-रे टेक्निशियन चहासुद्धा उभ्यानंच प्यायचा. १९९८ साली हॉस्पिटलच्या डॉक्टर वैजयंतीबाईंनी विद्यार्थ्यांना शिकवायला जुने एक्स-रे स्कॅन करून कॉम्प्युटरवर साठवायचं ठरवलं. पेशंटचं नाव काळ्या चिकटपट्टीनं झाकून फिल्म स्कॅन करायचं काम मानसिंगकडे आलं. गड्यानं आठवड्यात छातीच्या तीनशे फिल्म उरकल्या. पट्ट्या इतक्या ऐसपैस, की नावासोबत डावं-उजवं सांगणारं अक्षरही झाकलं गेलं. एखाद्या फिल्ममध्ये हृदय उजवीकडे दिसलं, की 'उलटी ठेवलीय कुणीतरी' म्हणत तो ती फिरवायचा. वर पसारा बघवेना, म्हणून स्कॅन झालेल्या फिल्म त्यांच्यावरची चांदी काढायला पावणे गावातल्या कारखान्यात धाडूनही मोकळा!

दोन दिवसांनी बाईंनी विचारलं, "मानसिंग, ती उजवीकडे हृदय असलेली कुठाय? पोटातलंही सगळं उलट आहे तिचं. मुलांना असा पेशंट पुन्हा कधी दिसणार?"

मानसिंगनं घाईघाईनं कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर तीनशेच्या तीनशे हृदयं डावीकडे. सगळंच उलट असलेली ती फिल्म फिरवल्यावर चारचौघींसारखी दिसत होती, आता ओळखायची कशी?

"मॅडम, मीच फिरवली," एवढं बोलून तो पावण्याला पळाला. रिक्षा सिग्नलला अडकली, तर उतरून चालायलाच लागला.

कारखान्यात फिल्म केव्हाच धुऊन झाल्या होत्या. छाती नाही, फासळ्या नाहीत, नुसतं पारदर्शक प्लास्टिक. धुण्याचं पाणी न पोचल्यानं शाबूत होता तो फक्त पट्टीखालचा कोपरा. मानसिंग एकेक पट्टी सोलत सुटला. दुपार उलटल्यावर एकीखाली निघालं: वेणूबाई, सारसोळे. शेजारी बाईंच्या अक्षरात, 'फिरवू नका.' झाकायचं तेवढं उरलं होतं आणि दाखवायचं ते वाहून गेलं होतं. मानसिंगला स्वतःची भयंकर लाज वाटली.

नेरुळला लागूनच असलेल्या सारसोळे गावात वेणूबाई दारात सुकट निवडत होती. अंगणात येरझाऱ्या घालत त्यानं सगळं सांगून टाकलं. "मावशी, हात जोडतो, एक एक्स-रे पुन्हा काढू द्या."

"आदी बस रं," ती म्हणाली. "कालीज काय पलून नाय गेला माजा. जागंवरच हाय."

मानसिंग उंबऱ्यावर टेकला, आणि तिनं पुढे केलेला चहा बसूनच प्यायला.