चौथी पट्टी

माझी सून गेली त्या दिवशी पाटीवर ती 'आत' होती.

आज वर्ष झालं.

ही पाटी दादरच्या ऑफिसातली. मी तिथे शिपाई होतो. ऑफिस मोडलं तेव्हा उचलून काळाचौकीला घरी आणली. प्रत्येक नावापुढे सरकती पट्टी. 'आत' किंवा 'बाहेर'.

कोण घरात, कोण नाही, हे कळल्याशिवाय माझ्या जिवाला चैन नसते. म्हणून सगळ्यांनी पट्टी सरकवायची, हा माझा नियम.

प्रज्ञा लग्न होऊन आली तेव्हा माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मी बायकोचं नाव काढून तिथे सुनेचं लावायला निघालो.

"काढू नका पप्पा. आईंची जागा आईंचीच. मी चौथी. आमच्या कामात पण असंच असतं."

ती कर्नलचं काम करायची. म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा आतला प्रोग्रॅम. मी नववी नापास. तिने पाटीवरच समजावलं.

एका मशीनमध्ये पुष्कळ प्रोसेसर. प्रत्येकाला ओळीत एक घर. चालू असेल तर घरात एक, बंद असेल तर शून्य. त्या एक-शून्याला बिट आणि सगळ्या ओळीला बिटमॅप म्हणतात. नाव लिहीत नाहीत, जागा हीच ओळख. बंद पडला तर शून्य करायचं, पण त्याची जागा दुसऱ्याला द्यायची नाही.

माझं सांगण्यात चुकलं असेल तर तिच्या ऑफिसवाल्यांनी सांभाळून घ्या.

"पप्पा, तुम्हीच आमचे कर्नल," म्हणायची. "कुणाचा बिट चुकलेला चालत नाही तुम्हाला."

एकदा तीन दिवस नीट जेवली नाही. मी काळजीने विचारलं, काय गं?

"एक प्रोसेसर बंद झालाय, पण त्याच्या घरात शून्याऐवजी अजून एकच आहे. बाकीचे त्याला निरोप पाठवतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. सगळं मशीन ठप्प."

"मग?"

"शून्य करायचं राहिलंय कुठेतरी. तेच शोधतेय."

सापडलं तेव्हा एका ओळीचं काम निघालं.

मग ती सकाळ. तिच्या छातीत दुखायला लागलं. माझा मुलगा संदेश तिला टॅक्सीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. मी घरी तिचे जुने तपासणीचे रिपोर्ट शोधत राहिलो. पट्टी कुणी सरकवली नाही.

दुपारी संदेशचा फोन आला.

तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी तिच्या पट्टीला हात लावायला गेलो. संदेश म्हणाला, "पप्पा, राहू द्या."

राहू दिली. त्या दिवसापासून त्याने स्वतःची पट्टीही सरकवली नाही. कामावर जातो, येतो, पाटीवर कायम 'आत'. बेल वाजली की आम्ही दोघं आधी पाटीकडे बघतो, मग दाराकडे. सगळं घर ठप्प.

आज तो आंघोळीला गेला तेव्हा मी तिची पट्टी सरकवली. घट्ट बसली होती. खोबरेल तेल लावावं लागलं.

तो बाहेर आला. बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल.

त्याने बूट घातले, स्वतःची पट्टी 'बाहेर' केली आणि गेला.

आता तो परत येऊन ती पट्टी 'आत' करेपर्यंत माझा जीव टांगणीला.

प्रज्ञा, नाव काढलेलं नाही. चौथी जागा तुझीच.

जा बाळा. जय भीम.