सेक्रेटरी गवतावर येणार नाहीत

आमच्या बोरमाळ गोल्फ क्लबचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी गुलाबाची फुलं येतात, कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस येतो, आणि गुडघेदुखीवर कसला तरी पाला वाटून लावायचा सल्ला येतो. मी यातलं काहीही वाचत नाही. ऋतू बदलला की सेक्रेटरी भरतेश मगदूम क्लबच्या बातम्या पाठवतात, तेवढ्या मात्र वाचतो, कारण तो माणूस जे आहे तेच लिहितो.

'उन्हाळा लागला आहे. सकाळी नऊनंतर मैदानावर येऊ नये. पाणी ज्याचे त्याने आणावे. तिसऱ्या होलजवळ टिटवीने अंडी घातली आहेत. चेंडू तिकडे गेला तर तो गेला असे समजावे.'

हिवाळ्यात, देशभर सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला गेलेले विट्याचे लोक परततात तेव्हा, असं: 'ब्राऊनवर नवी वाळू टाकली आहे. दिवाळीसाठी विट्याचे गलाईवाले सदस्य गावी आले आहेत, त्यामुळे सकाळी गर्दी राहील. जुन्यांनी नव्यांवर ओरडू नये. आपापल्या चेंडूवर खूण करावी, म्हणजे भांडणे होणार नाहीत.'

आणि आषाढात: 'पाऊस झाला. माळ हिरवा झाला आहे. सहाव्या होलवर काळी माती आहे, पाय जपून टाकावा. सेक्रेटरी कार्तिक पौर्णिमेपर्यंत गवतावर येणार नाहीत.'

हे शेवटचं वाक्य वाचून नव्या सदस्यांना वाटायचं, सेक्रेटरींचा पाय मोडला. विट्याच्या हंबीररावांनी तर पहिल्या वर्षी सफरचंदं घेऊन त्यांचं घर गाठलं होतं. पाय धडधाकट होता. भरतेश धर्मानं जैन. चातुर्मासात ओल्या गवतात जीव असतात, ते पायाखाली येतात, म्हणून त्यावर पाय द्यायचा नाही, असा नेम त्यानं आई असताना तिच्यासमोर घेतला होता. सगळेच जैन असं करतात असं नाही. याच क्लबात दुसरे जैन सदस्य श्रावणात बिनधास्त खेळतात. पण भरतेशनं एकदा घेतलं म्हणजे घेतलं.

आता गंमत बघा. आमचा माळ आठ महिने तव्यासारखा असतो. सांगलीहून विट्याकडे येताना डाव्या हाताला दिसतो. अनोळखी माणसाला तिथे मैदान आहे हे सांगूनही पटत नाही. पाणी नाही, म्हणून झेंड्याभोवती हिरवळ नसते. तिथे जळकं तेल मिसळलेली वाळू दाबून बसवतात, तिला आम्ही ब्राऊन म्हणतो. क्लबहाऊस म्हणजे पत्र्याची शेड आणि एक माठ. गोल्फचं मैदान म्हणून शोभावं असं त्याचं रूप फक्त पावसाळ्यात असतं, आणि त्याच दिवसांत सेक्रेटरी त्यावर पाय ठेवत नसे. मैदानाच्या कडेनं एक मुरमाचा रस्ता जातो. त्या रस्त्यावरून छत्री घेऊन तो आमच्या बरोबरीनं चालायचा आणि चेंडू कुठे गेला ते ओरडून सांगायचा.

'आमच्या' म्हणजे माझ्या आणि सुभेदारांच्या. सुभेदार धोंडिराम कांबळे विट्याचे. फौजेत असताना छावणीतल्या गोल्फच्या मैदानाची व्यवस्था त्यांच्याकडे होती, तिथेच खेळायला शिकले. निवृत्त होऊन आले तेव्हा या माळावर चार हौशी लोक काठ्या फिरवत होते. त्यांना काठी धरायची कशी हे सुभेदारांनी शिकवलं. भरतेशलाही त्यांनीच शिकवलं. भरतेशचं सांगलीत हळदीचं अडत दुकान. रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि उगाच चालायचं त्याच्या जिवावर येई. सुभेदार म्हणाले, "शेट, चेंडूमागं चला. म्हंजी चाललाय असं वाटायचं न्हाई." तेव्हापासून हे दोघे जोडीनं खेळत आले. मी तिसरा. मी वाईट खेळतो आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही.

दोघांचं बोलणं कमीच. संध्याकाळी सूर्य कलला की सुभेदार डाव अर्धा टाकून म्हणायचे, "चला, शेटची जेवणाची येळ झाली." भरतेश अंधार पडल्यावर जेवत नाही हे त्यांनी कधी विसरू दिलं नाही. भरतेशही सुभेदारांच्या घरी चौदा एप्रिलला पेढे घेऊन जायचा तो कधी चुकला नाही. एवढ्यावर त्यांची मैत्री चालली होती, आणि चांगली चालली होती. कोण कुणाचं जास्त मानतो याची मात्र त्यांच्यात छुपी चढाओढ असावी, असं मला नेहमी वाटायचं.

मागच्या वर्षी ज्येष्ठात सुभेदार समोरचा चेंडू सोडून शेजारच्या जमिनीवर काठी मारायला लागले. आधी आम्ही हसलो. मग त्यांची मुलगी दीपमाला सांगलीला भरतेशच्या दुकानात आली. ती विट्याला शाळेत शिकवते. मी तेव्हा चहाला तिथेच बसलो होतो.

"काका," ती म्हणाली, "आप्पांना काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येत नाही. आहे ती दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली. त्यांना तुमच्याबरोबर एकदा पूर्ण डाव खेळायचाय, चेंडू दिसतोय तोवर. ते स्वतः तोंड उघडायचे नाहीत, म्हणून मी आले."

"खेळू की," भरतेश म्हणाला. "रविवारीच खेळू."

पण तो रविवार काही जमला नाही. शनिवारपासून पाऊस लागला तो चार दिवस हलला नाही, पुढच्या आठवड्यात दुकानात माल उतरला, आणि मग आषाढाची चतुर्दशी आली. चातुर्मास बसला. भरतेशनं नेहमीप्रमाणे ग्रुपवर बातम्या पाठवल्या. शेवटचं वाक्य तेच होतं. मी ते वाचलं आणि मला राग आला, हे सरळ सांगतो.

त्याची बायको चंदना माझ्यापेक्षा स्पष्ट. ती म्हणाली, "एक दिवस जाऊन खेळून या. चुकलं तर प्रायश्चित्त असतं, महाराजांना विचारा."

"मुद्दाम मोडायचं आणि वर प्रायश्चित्त मागायचं?" भरतेश म्हणाला. "ते काय खरं न्हाई."

तरी तो अस्वस्थ होता. दोन दिवसांनी मला बरोबर घेऊन विट्याला गेला. सुभेदार दारात खुर्चीवर बसले होते. आवाजावरून त्यांनी आम्हाला ओळखलं, मग हात कपाळावर धरून नीट बघितलं.

"सुभेदार," भरतेश म्हणाला, "तुमी म्हणत असाल तर उद्या खेळतो."

मी मनात म्हटलं, अरे, हे विचारायचं असतं का? समोरचा माणूस कोण आहे, ते तरी बघ. ज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या जेवणाची वेळ सांभाळली, तो काय तुला नेम मोड म्हणणार?

सुभेदार हसले. "कशाला? पौर्णिमा झाली की खेळू. मी काय कुठं पळून चाललोय व्हय?"

भरतेशला हायसं वाटलं. ते त्याच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं. सुभेदारांना दिसलं की नाही, सांगता येत नाही. परतताना गाडीत तो बराच बोलत होता. हळदीच्या भावाबद्दल बोलत होता.

मग पावसाळाभर सुभेदार आणि मी गवतात, आणि तो रस्त्यावर छत्री घेऊन. सुभेदार चेंडू मारायचे आणि रस्त्याकडे तोंड करून थांबायचे. "डावीकडं गेला, सुभेदार! दगडाच्या अलीकडं!" भरतेश ओरडायचा. वाईट गेला तर वाईटच सांगायचा. "ओघळीत गेला, सोडा तो!" श्रावणात सुभेदारांना चेंडू जमिनीवर असेपर्यंत दिसत होता. भाद्रपदात मी त्यांच्या पायापाशी पांढरा रुमाल टाकून वर चेंडू ठेवायला लागलो. दिवाळीला गलाईवाले सदस्य आले, माळ पुन्हा पिवळा पडत गेला, आणि तेव्हा सुभेदारांना रुमालही दिसत नव्हता.

कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे पहिल्या होलवर उभे राहिलो. भरतेश नवा शर्ट घालून आला होता. सुभेदारांचे बूट पॉलिश केलेले. दीपमालानं त्यांना शेडपर्यंत सोडलं आणि ती माठाजवळ जाऊन बसली.

मी चेंडू मांडला. सुभेदारांनी काठीचं टोक हळूच पुढे नेऊन चेंडूला लावून बघितलं, पाय रोवले, आणि काठी फिरवली. काठी जुनीच, हात जुनेच. पण चेंडू उजवीकडे गेला आणि बाभळीच्या जाळीत घुसला. काट्यांत तो दोनदा खडखडला आणि दिसेनासा झाला.

"कुठं गेला?" सुभेदारांनी विचारलं.

भरतेशनं जाळीकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. जो माणूस सदस्यांना टिटवीच्या अंड्यांची खबर देताना एक शब्द इकडचा तिकडे करत नाही, त्यानं बाभळीकडे पाठ केली.

"मधोमध," तो म्हणाला. "सरळ गेला, सुभेदार. लय झाक."

सुभेदार नुसतं "बरं" म्हणाले.

भरतेशनं त्यांचा हात धरला आणि दोघे मैदानाच्या मधून चालत गेले. मी मागे होतो. चालता चालता भरतेशनं आपल्या खिशातला एक चेंडू काढला आणि पुढे वाळक्या गवतावर अलगद सोडला. मला ते दिसलं, आणि त्या क्षणी मला त्याची फार दया आली.

"हा बघा," तो म्हणाला, "हितंच हाय."

सुभेदार वाकले. चाचपून त्यांनी चेंडू उचलला आणि अंगठ्यानं सगळीकडून फिरवून बघितला. फौजेतली त्यांची सवय होती. नवा चेंडू घेतला की त्यावर खिळ्यानं दोन उभ्या रेघा ओढायच्या. ही खूण ते इतरांनाही करायला लावत. बातम्यांत दर हिवाळ्याला जे यायचं, ते मूळचं त्यांचंच.

"हा माजा न्हाई," ते म्हणाले.

भरतेशनं चेंडू घ्यायला हात पुढे केला.

"शेट, काट्यात गेलेला चेंडू मला ऐकू येतोय. कान शाबूत हायेत." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी चेंडू भरतेशच्या हातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटली. "येक नेम मोडायचाच व्हता, तर गवताचा मोडायचा, आषाढात. तवा मला दिसत व्हतं."

सुभेदार एकटेच शेडच्या दिशेनं वळले. दीपमाला धावत आली आणि तिनं त्यांचा हात धरला. भरतेश तिथेच उभा राहिला. सूर्य चांगला वर आला तरी तो तिथून हलेना, तेव्हा मीच त्याला गाडीत बसवून सांगलीला आणलं.

त्या संध्याकाळी ग्रुपवर हिवाळ्याच्या बातम्या आल्या. वाळू, गर्दी, सकाळची वेळ, सगळं नेहमीप्रमाणे होतं. शेवटी लिहिलं होतं: 'पहिल्या होलवर उजवीकडच्या बाभळीत श्री. धोंडिराम कांबळे यांचा चेंडू हरवला आहे. चेंडू मधोमध गेला असे सेक्रेटरींनी सांगितले, ते खोटे होते. चेंडूवर दोन उभ्या रेघा आहेत. सापडल्यास सेक्रेटरींकडे द्यावा.' सदस्यांनी खाली अंगठे टाकले. हंबीररावांनी हसरा चेहरा टाकला, मी त्यांना फोन करून तो काढायला लावला.

उन्हाळ्याच्या बातम्यांतही तो मजकूर होता. चेंडू कुणाला सापडला नाही.

यंदा आषाढात बातम्या आल्या. पाऊस झाला, माळ हिरवा झाला, सहाव्या होलवर पाय जपून टाकावा. मी शेवटपर्यंत वाचलं आणि पुन्हा वर जाऊन वाचलं. सेक्रेटरींबद्दलचं वाक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळावर गेलो. मुरमाच्या रस्त्यावर सुभेदार छत्री घेऊन उभे होते, भरतेश जिथे उभा राहायचा बरोबर तिथे. भरतेश बाभळीखाली पोटऱ्यांपर्यंत ओल्या गवतात होता. विजारीचे पाय दुमडलेले, हाताला काटे लागलेले. एकेक पाऊल खाली बघून टाकत होता, गवत बोटांनी बाजूला सारून मगच पाय ठेवत होता.

"गावला का, शेट?" सुभेदारांनी रस्त्यावरून हाक दिली.

भरतेशनं मान वर केली.

"न्हाई अजून," तो म्हणाला, आणि पुन्हा खाली वाकला.