खोकल्याची टेप

टेलरमास्तरांना दोनच गोष्टी झकास यायच्या: कोट शिवणं आणि मैफली चोरून टेप करणं. ऐन तरुणपणी दुकानातल्या रेडिओवर त्यांनी चार केसाळ पोरांच्या एका रॉक बँडचं गाणं ऐकलं आणि माणूस जो कामातून गेला तो गेलाच. बँडच्या विकत मिळणाऱ्या रेकॉर्डी त्यांच्याकडे होत्या, पण त्यांना ते नाक मुरडायचे. "ते सगळं इस्त्री केलेलं," म्हणायचे. खरं गाणं ते, जे त्या दिवशी त्या हॉलात झालं आणि पुन्हा तसं होणार नाही.

हॉलात टेपरेकॉर्डर न्यायला मनाई होती. दारावरचे पहिलवान पुरुषांचे खिसे उलटेपालटे करायचे, बायकांच्या वाटेला मात्र जायचे नाहीत. मास्तरांनी बायकोसाठी एक कोट बेतला. काखेखाली अस्तरात रेकॉर्डरचा खिसा, तिथून आतल्या आत वायर आणि कॉलरखाली वाटाण्याएवढा माइक. कोट इतका सफाईदार की शेजारणींनी तसाच शिवून मागितला.

नियम एकच होता. माइक जिच्या गळ्याशी, तिने बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही, टाळी वाजवायची नाही. एकोणीस वर्षांत एकतीस मैफली झाल्या. लोक खुर्च्यांवर चढून नाचायचे आणि ही बाई मधोमध हाताची घडी, तोंडावर बोट अशी बसलेली असायची. तिला तो बँड आवडायचा की नाही, हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

अशा टेपा जमवणाऱ्यांचं एक वेडं गोत होतं. विकायचं नाही, पोस्टाने अदलाबदल करायची. मास्तरांच्या टेपांना त्यात मोठा मान, कारण त्या स्वच्छ असायच्या. कुणी शिंकलं, कुणी शिटी मारली की कॉपी करताना मास्तर तेवढा तुकडा गाळायचे, आणि जोड असा बसवायचे की शिवण दिसू नये.

मग बायको गेली. छातीचं दुखणं निघालं आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. तेव्हा फोन भिंतीवर टांगलेले असायचे, त्यांत कुणाचा आवाज साठत नसे. महिन्याभराने मुलगी आईचे कपडे आवरायला आली. कोटाची घडी घालता घालता म्हणाली, "बाबा, आईचा आवाज आठवायला गेलं ना, की नीट येत नाही हो. तुम्ही जन्मभर आवाज गोळा केलेत. एखाद्या टेपेत ती असेलच ना?"

"असेल की," मास्तर म्हणाले.

त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि एकतीसच्या एकतीस टेपा कानात प्राण आणून ऐकल्या. ड्रम होते, गिटार होती, हजारो माणसांचा गलका होता. माइकच्या सगळ्यांत जवळ बसलेली बाई तेवढी कुठेच नव्हती. तेव्हा त्यांना ती चौदावी मैफल आठवली. बँडचं सगळ्यांत हळुवार गाणं चालू असताना तिला खोकला आला होता. कॉलरखालच्या माइकपुढे तो खोकला म्हणजे टेपेवर तोफच. मास्तर आठ दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते. त्यांनी खोकला गाळून कॉपी केली आणि मूळ टेपेवर पुढची मैफल भरली.

पण त्याआधी घाईघाईत एक कॉपी त्याच गोतातल्या एका आगगाडीच्या गार्डाला गेली होती. लाज वाटून मास्तरांनी त्याला मागाहून स्वच्छ कॉपी पाठवली आणि चिठ्ठीत बजावलं: पहिली पुसून टाक.

रविवारी सकाळी ते गार्डाच्या दारात उभे राहिले. गार्ड आता पेन्शनीत निघाला होता, गुडघ्यांनी बेजार होता. मास्तरांनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "पुसलीस का रे ती?"

"वेड लागलंय का मास्तर? आपल्यातला कोणी टेप पुसतो का?"

"मी पुसली," मास्तर म्हणाले.

पलंगाखालचं खोकं ओढून गार्डाने टेप शोधली, मशीनमध्ये घातली आणि ते गाणं लावलं. दोघे म्हातारे मशीनला कान लावून बसले. दुसरं कडवं सुरू झालं आणि खोकला आला. एकदा, मग दाबलेला, मग आणखी एकदा. मास्तरांनी गार्डाचा हात घट्ट धरला. पाठोपाठ अगदी जवळून, कुजबुजत, तिचा आवाज आला.

"चुकलं हो माझं."

आणि त्यावर लगेच एका पुरुषाचा आवाज, चिडलेला: "श्श! गप्प बस."

पुढे नुसतं गाणं. ते संपलं, हॉल टाळ्यांनी दणाणला. मास्तर तिच्या आणखी एखाद्या शब्दाची वाट बघत राहिले. टेप संपून मशीन खट्कन बंद पडलं तरी बघत होते. एकतीस मैफलींतून तिचे तीन शब्द हाती आले होते, आणि तेही माफीचे. मास्तर तोंडावर हात घेऊन रडले.

गार्डाने रडू दिलं. मग रिकामी कॅसेट काढून तो चाचरत म्हणाला, "मुलीसाठी कॉपी करतो. ते तुमचं बोलणं... तेवढं गाळू का? कळणार नाही कुणाला."

मास्तरांनी डोळे पुसले.

"नको. आहे तसंच दे. ती का बोलत नव्हती, ते पोरीला कळू दे."