लाल शाईतलं नाव

आमच्या भागातल्या एका सरकारी दवाखान्यात आठ वर्षांपूर्वी एका सिस्टरला मेमो मिळाला. तो माझ्यामुळं मिळाला हे पुष्कळांना माहीत आहे. गुरुजींकडून, म्हणजे माझ्याकडून, सवयीनं चूक झाली, असं मात्र सगळे समजतात, कारण मीच तसं सांगत आलो. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि ती सिस्टर त्या मेमोपायी अजून अडकलेली आहे. म्हणून झालं ते लिहून ठेवतो.

मी शाळेत मराठी शिकवलं. माझी ख्याती हस्ताक्षराची. चौसाळ्यापासून पालीपर्यंत कुणाच्याही लग्नपत्रिकेवर सुवाच्य नावं दिसली की लोक म्हणत, हा गुरुजींच्या हाताखालून गेलेला दिसतो. निवृत्तीनंतर लोकांनी मला दवाखान्याच्या रुग्ण समितीवर घेतलं. समितीत माझं काम दोन प्रकारचं होतं. बैठकीला चहा प्यायचा आणि इतिवृत्त सुंदर अक्षरात लिहायचं. तेवढ्यात मला साखरेनं गाठलं, पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि समितीचा सदस्य रोज ड्रेसिंगच्या रांगेत बसू लागला. रांगेत म्हणजे रांगेच्या पुढं.

ड्रेसिंग करणारी सिस्टर माझी जुनी विद्यार्थिनी होती. वर्गात तिचं अक्षर हे माझं एकमेव अपयश. मी शिकवायचो की आधी शब्दातली सगळी अक्षरं काढा, मग वरची रेघ ओढा. ती आधी रेघ मारायची आणि अक्षरं तिच्याखाली एकेक लटकवायची, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी. हातावर छड्या बसल्या तरी तिनं दोरी सोडली नाही. आता ती माझ्या पायाशी बसून पट्टी गुंडाळायची आणि मी वरून तिच्या केसपेपरवरच्या नोंदी वाचून म्हणायचो, "अजून अक्षर तसंच बघ तुझं."

ती म्हणायची, "गुरुजी, पट्टी कशी बांधतात बघून घ्या. तुमचा हात पुरतो की तिथवर."

"कंबर धरती गं माझी."

शेजारच्या बाकावर बसस्टँडवरचे एक फळवाले चाचा असायचे, त्यांनाही साखरच. ते स्वतःची पट्टी स्वतः बांधायला शिकले होते. ते डोळे मिचकावून म्हणायचे, "गुरुजी, काल रुपाया पडला तवा तर लई झटक्यात वाकलते तुमी."

अशात शहरातून एक तरुण बाई आल्या. नर्सिंगचं वरचं शिक्षण घेत होत्या आणि प्रबंध लिहायचा होता. विषय दोन: रुग्ण स्वतःची काळजी किती घेतात आणि परिचारिकांवर ताण किती येतो. त्यांनी समितीला समजावून सांगितलं की, कुण्या परदेशी बाईंनी फार पूर्वी एक विचार मांडलाय. माणसाला जे स्वतःला जमतं ते त्यानंच करावं. जमत नाही तेवढंच नर्सनं करावं आणि हळूहळू तेही त्याला शिकवावं. मला विचार एकदम पटला. दुसऱ्यांच्या बाबतीत तो किती योग्य आहे, हे मी बैठकीत दहा मिनिटं बोललो.

मग बाई कागद घेऊन माझ्या घरी आल्या. "पाय रोज स्वतः तपासता का?" होय. "गोळ्या वेळेवर स्वतः घेता का?" होय. "मोजे, पादत्राणे स्वतः घालता का?"

"होय."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "मोजे कोण घालतं ते बी सांगा की त्यांना."

बाई हसल्या, मीही हसलो. बायको हसली नाही. ती पाण्याचं घमेलं घेऊन आली आणि माझे पाय धुवायला बसली, कारण ती वेळच पाय धुण्याची होती. बाईंनी तरीही 'होय' वर खूण केली. त्या म्हणाल्या, रुग्णाचं उत्तर जसंच्या तसं घ्यावं लागतं.

मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. दवाखान्यानं कार्यक्रम ठेवला आणि स्वतःची काळजी घेणारा आदर्श रुग्ण म्हणून मला शाल-श्रीफळ दिलं. मंचावर चढताना बूट काढायचे होते. ते बायकोनं काढले आणि उतरल्यावर पुन्हा घातले. टाळ्या वाजत असताना तिच्या हातात नारळ होता आणि काखेत माझी शाल.

आता सिस्टर लोकांच्या कागदांबद्दल. त्यावर नाव लिहायचं नव्हतं. घडी करून पेटीत टाकायचे होते. पेटीजवळ मोठ्या सिस्टर कागद टाकल्याची सही घ्यायला बसल्या होत्या, त्यामुळं बहुतेक कागदांवर ताण 'कधीच नाही' असं आलं. रात्रपाळीचा ताण नाही, सुट्टी रद्द होण्याचा नाही, नातेवाइकांच्या शिव्यांचा नाही. असं समाधानी खातं मी दुसरं पाहिलेलं नाही. शेवटी एक मोकळा प्रश्न होता: तुम्हाला सर्वांत जास्त ताण कशाचा येतो? त्याची उत्तरं मराठीत होती, प्रबंध इंग्रजीत होता आणि बाईंना घाईच्या मराठी अक्षराची सवय नव्हती. त्यांनी मला गठ्ठा दिला आणि स्वच्छ नक्कल करून मागितली. "कुणाला दाखवू नका, गुरुजी," एवढं बजावलं.

गठ्ठ्यात एक कागद दोरीवर लटकलेल्या अक्षरांचा होता.

त्यात लिहिलं होतं: "एका पाळीला दोन वॉर्ड सांभाळते. त्याचा ताण येतो, पण सवय झाली आहे. ज्यांचे हात चालतात ते रुग्ण हात हलवत नाहीत, त्याचा जास्त येतो. एक निवृत्त शिक्षक रोज पाय पुढे करतात. चप्पल सरकवायला वाकतात, पडलेला रुपाया उचलायला वाकतात, पट्टी दिसली की त्यांची कंबर धरते. मी पट्टी बांधताना ते मला अक्षर सुधारायला सांगतात. तेवढ्या वेळात माझं आणखी एक बाळंतिणीचं काम झालं असतं."

मी तो कागद तीनदा वाचला. मग लाल पेन काढलं आणि समासात 'अक्षर सुधारा' असं लिहिलं. ही माझी सवय, हे खरं आहे. तिथवरच सवय होती. त्यानंतर मी पेन खाली ठेवलं, बायकोला चहा करायला सांगितला, चहा प्यालो. मग पुन्हा पेन उचललं आणि कागदाच्या वर उजव्या कोपऱ्यात, वहीवर लिहायचो तसं, तिचं पूर्ण नाव लिहिलं. बापाच्या नावासकट. त्या चहाला दहा मिनिटं लागली. सवयीला दहा मिनिटं लागत नाहीत.

गठ्ठ्यावर दवाखान्याचा शिक्का लागणार होता. त्यासाठी गठ्ठा आधी अधीक्षक साहेबांच्या टेबलावर जाणार हे मला माहीत होतं.

साहेबांनी मला बोलावलं. "गुरुजी, ह्याच्यावर तुमी नावच टाकलंय की."

"चाळीस वर्षं वह्या तपासल्या, साहेब. हात आपोआप चालतो."

"पण अक्षर तिचंच हाय ना?"

मी म्हणालो, "त्यात शंका न्हाई."

तिला मेमो मिळाला. त्यातली भाषा मी नंतर वाचली: "आपण ताणाखाली असल्याचे निदर्शनास आले आहे. याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा." खुलासा पसंत पडला नाही, ताकीद देऊन तो कागद तिच्या सेवापुस्तकाला जोडला आणि तिची बदली पाटोद्याच्या पलीकडं झाली. घरी तिची लहान मुलगी आणि अंथरुणावरची सासू होती. उरलेल्या सिस्टरांसाठी दवाखान्यानं तणावमुक्तीचं व्याख्यान ठेवलं, त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. हजेरी सक्तीची होती. प्रत्येकीला तुळशीचं रोप दिलं आणि रोप जगल्याचा फोटो महिन्यानं पाठवायला सांगितला. प्रबंधात मात्र निष्कर्ष आला की ताण सौम्य आहे.

गेल्या वर्षी ती बदली होऊन परत आली. यंदा माझ्या दुसऱ्या पायाला जखम झाली आणि मी वॉर्डात भरती झालो. तिथं पडल्या पडल्या कळलं की वॉर्डच्या मोठ्या सिस्टरची जागा रिकामी आहे, अनुभवानं ती हिचीच आहे, पण सेवापुस्तकातल्या ताकिदीमुळं यादीत हिचं नाव पुन्हा खाली गेलंय. फळवाले चाचा मला बघायला आलते. ते म्हणाले, "गुरुजी, तुमी एक कागद लिहून का देत न्हाई? तुमचं अक्षर तर लई सुंदर."

मी काठी टेकत नव्या साहेबांकडं गेलो. ते भले माणूस आहेत. म्हणाले, "चुकून नाव लिहिलं गेलं, असं द्या लिहून. ताकीद काढून टाकायला वर पाठवतो. तुमचीही अब्रू राहील."

"चुकून लिहिलं नव्हतं, साहेब."

"आता कशाला गुरुजी ते."

"चुकून म्हटलं तर तिनं माझ्याबद्दल लिहिलेलं खरं होतं, हे कुठंच येत न्हाई. ती खरं बोलली म्हणून मी चिडलो होतो."

मी अर्जात 'जाणूनबुजून' असं लिहिलं आणि खाली सही केली. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि वर पाठवतो म्हणाले. वरून अजून काही आलेलं नाही.

अर्जाची नक्कल मी तिला दिली. तिनं उभ्याउभ्या वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि ड्रेसिंगचा ट्रे माझ्या खाटेवर ठेवला.

मी वाकलो. कंबर दुखली, पण धरली नाही. जखम धुतली, औषध लावलं, पट्टी गुंडाळली.

"सैल झालीय," ती म्हणाली. "सोडा. परत बांधा."

मी परत बांधली. ती म्हणाली, "आता घट्ट झाली. बोटं पांढरी पडली, बघा. सोडा."

मागं पाच-सहा खाटा तिची वाट पाहत होत्या. तिनं हात लावला नाही, पण गेलीही नाही. तिसऱ्यांदा पट्टी नीट बसली. तिनं केसपेपरवर नोंद केली आणि पुढच्या खाटेकडं गेली. मी केसपेपर उचलून पाहिला. आधी रेघ, मग खाली अक्षरं: "रुग्णाने ड्रेसिंग स्वतः केले."

मी तो जसाच्या तसा परत ठेवला.