खरडकाकूंचा रांजण

खरडकाकूंच्या डाव्या गालावर नेहमी पांढऱ्या मातीचा डाग असायचा. कशेळ्याच्या बाजारात भाजी घेतानाही तो तसाच. एकदा जीपमध्ये शेजारच्या गृहस्थांनी कळवळून त्यांना त्वचेचा डॉक्टर सुचवला. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि उतरताना म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टर नको. साबण हाय घरी."

डाग कामाचा होता. मातीच्या लांब वळ्या एकावर एक रचून हातानं घडवलेल्या भांड्यावर पातळ पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा आणि तो खरडून खालच्या लाल मातीची नक्षी उघडी करायची, हे काकूंचं आवडतं काम. खरडायची वेळ झाली का, हे त्या भांड्याला गाल लावून ठरवायच्या. लेप गालाला लागला तर थांबायचं. नुसता गारवा लागला तर खरडायला घ्यायचं. तोही गेला असेल तर रेघेऐवजी भुगाच निघायचा.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका कारखान्यात कपबशांचे काठ रंगवण्यात घालवली होती. "जल्मभर सरळ रेघा मारल्या. आता जरा वाकडं करू द्या की मला," म्हणायच्या. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी आम्ही बायका जमायचो. मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि घरात सगळ्यांना नको झाले होते. पहिल्याच भांड्यावर मी सागाचं पान दाबलं, भेंडीचे ठसे उठवले, वर कोयऱ्या खरडल्या. काकूंनी ते सगळीकडून फिरवून पाहिलं. "अगं, भांडं हाय का लग्नाचा मांडव? मातीला जरा श्वास घ्यायला जागा ठेव." मी इतकी हसले की भांड्याचा कान हातात आला.

मग त्यांचा गुडघा गेला. ऑपरेशनसाठी मुलगी नागपूरला घेऊन गेली. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी एका मोठ्या रांजणाला लेप दिला होता. तो ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर प्लॅस्टिक टाकून त्या मला म्हणाल्या, "आल्यावर खरडीन. तवर ओला ठेव गं."

मी रोज जाऊन गोणपाटावर पाणी शिंपडायचे. रांजण ओला आहे तोवर काकू येणार, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. पाऊस सरला, थंडी आली, फोनवर गुडघ्याच्या बातम्या येत राहिल्या. रांजणाच्या बुडाशी बुरशी धरली, ती मी हलकेच पुसली आणि पुन्हा पाणी शिंपडलं.

शेवटी एका रविवारी आम्ही सगळ्या शेडमध्ये जमलेल्या असताना काकूंचाच फोन आला. "पोरगी आता एकटीला ऱ्हाऊ देत नाय. मी काय येत नाय आता. आणि तो रांजण काय लोणच्यावानी मुरवत ठेवलायस? खरडा तुमी."

मला रडू आलं. वाडीवरच्या वनितानं माझ्या हातातून फोन घेतला, व्हिडिओ लावला आणि स्टुलावर डब्याला टेकवून ठेवला. मग काय! वनितानं फणसाचं झाड काढलं, कुणी खेकडे काढले, कुणी घाटातली गाडी. फोनमधून काकू ओरडत होत्या, "खोल नको गं, आरपार करशील! ए, त्या खेकड्याला पाय किती?" शेडमध्ये इतका गलका झाला की शेजारी डोकावून गेले.

मी मात्र नुसती उभी होते.

"आणि तू गं? तुझं काय?"

"काकू, खरडलं की वाळणार तो."

"वाळू दे की," म्हणाल्या. "भाजायचा नाय का त्याला?"

मी रांजणाच्या गळ्याभोवती एक रेघ ओढली. चांगलीच वाकडी आली. काकू खूश झाल्या.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी सवयीनं बादली भरली. मग ती अळवाला ओतली आणि गोणपाट पिळून दोरीवर वाळत घातलं.