हाक न देता काढलेला फोटो

श्रावणभाऊंच्या फोटो स्टुडिओत मंगळवारी जमणाऱ्यांचा नियम साधा होता. फोटो टेबलावर ठेवायचा, कोणाचा ते सांगायचं नाही. प्रत्येकाने आधी काय दिसतं ते बोलायचं, मग पुढच्या खेपेला काय करावं ते. ज्याचा फोटो, त्याने सगळ्यांचं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

निकेश या नियमाखाली तीन वर्षं बसला होता. मोहर्लीच्या जंगल-गेटवर तो पर्यटकांची जिप्सी चालवतो. मंगळवारी जंगल बंद असतं, म्हणून मंगळवारी संध्याकाळी मोटरसायकलने चंद्रपूरला यायचा. पहिल्यांदा आणलेल्या फोटोत चितळाचं अर्धं शिंग कापलं गेलं होतं. "बाकीचं शिंग घरी ठेवून आला का बे?" श्रावणभाऊ म्हणाले. सगळे हसले. निकेशही हसला, आणि घरी जाईपर्यंत त्याचे कान तापलेले होते. पुढच्या मंगळवारी त्याने अकरा चितळं आणली, सगळी शिंगांसकट.

तो तसाच होता. सांगितलेलं विसरायचा नाही. जिप्सीच्या आरशामागे चिठ्ठ्या खोचलेल्या असत: 'ऊन पाठीशी घे.' 'थांब, मग दाब.' मागच्या महिन्यात त्याने गावातल्या माणसांचे फोटो आणले. सगळे ताठ उभे, बायांचे पदर नीट केलेले. श्रावणभाऊंनी ते एकेक करून बाजूला सरकवले. "हे सारे तुह्याकडे पाहून उभे हायत. त्याइले कळायच्या आत काढ." नवी चिठ्ठी लागली: 'कळायच्या आत.'

मोहाची फुलं पडू लागली होती. गावातल्या बाया उजाडायच्या आधी निघत आणि झाडाखाली वाकून वेचत. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे गावात लहान पोरालाही माहीत. म्हणून पान वाजलं तरी वेचणाऱ्या वाघ समजून दचकतात, आणि जंगलात कोणी त्यांच्या दिशेने चाललं की लांबून हाक देतं, उत्तर येईपर्यंत थांबतं, मगच पुढे जातं. निकेशने आयुष्यभर हाक दिली होती. त्या सकाळी दिली नाही. हाक दिली असती तर झाडाखाली वेचणाऱ्या आशाबाईने पदर नीट केला असता.

तो झुडपामागे पोटावर सरकत गेला. वाळली पानं वाजली. आशाबाई वळली आणि त्याने बटण दाबलं.

ती 'वाघ, वाघ' ओरडत पळाली. तिच्यामागे बाकीच्या तिघी. टोपल्या तिथेच राहिल्या. निकेश उठला नाही. आधी त्याला वाटलं, थोडं थांबून सांगू. मग गावात गलका झाला, वनरक्षक आला, दुपारपर्यंत ती सगळी बाजू वेचायला बंद झाली, आणि सांगायची वेळ निघून गेल्यासारखी वाटली. नऊ दिवस पडलेली फुलं चितळं खात होती. वेचून विकायच्या मोसमाचे थोडेच दिवस उरले होते. आशाबाई एकटी शेतावरही जाईना.

आणि फोटो चांगला होता. तीन वर्षांत असा एकही निघाला नव्हता. हे कोणीतरी आपल्याला सांगावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते हवं असल्याची त्याला किळसही येत होती. त्याने प्रिंट काढली. टेबलावर ठेवली. मागे वळून पाहिलं तर दारात रंजीता चप्पल काढत होती. रंजीता त्याच्याच गावची, गेटवर गाईड. ती क्वचित यायची. प्रिंट परत उचलणं आता शक्य नव्हतं.

"चेहरा पाहा," औषधाच्या दुकानाचा मालक प्रणित म्हणाला. "असा भाव पैसे देऊन भेटत नाई. उजवीकडची फांदी तेवढी काप म्हणतो मी."

"मागचं ऊन जरा जास्त," दुसरा कोणी म्हणाला.

निकेश आपल्या गुडघ्यांकडे पाहत होता. प्रिंट रंजीताकडे आली. तिने ती दोन्ही हातांत धरली. पंखा फिरत होता.

"काय दिसते सांगायचं ना आधी?" ती म्हणाली. "आशाबाई दिसते. हातातली फुलं सांडून राह्यली. झाडाखालची टोपली दिसते, ते आम्हीच दोन दिवसांनी वनरक्षकासंग जाऊन आणली." तिने फोटोतल्या डोळ्यांवर बोट ठेवलं. "आणि ते कॅमेऱ्याकडे पाहून राह्यली. जिकडं पाहून राह्यली तिथीच वाघ बसला होता म्हणते ते. तिथी त फोटोवाला बसला होता."

प्रणितने वाकून प्रिंट पुन्हा पाहिली.

"आता पुढच्या खेपेचं," रंजीता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "हाक दे. फोटो गेला त जाऊ दे."

अजून दोघं बोलायची राहिली होती. नियमाप्रमाणे निकेशने गप्प बसायला हवं होतं.

"माहा हाय," तो म्हणाला.

श्रावणभाऊंनी चष्मा काढला. "मीच सांगतलं होतं याले," ते म्हणाले. "चाळीस वर्षं लग्नातले फोटो काढले मी. तिथी कोणी पळत नाई." मग रंजीताकडे वळून, "माहं चुकलं, बाई. जंगल मले मालूम नाई, आणि मी मालूम असल्यासारखा बोललो."

"भाऊ, तुमचं नंतर पाहू," रंजीता म्हणाली. "आधी हा गावात आशाबाईकडे गेला पाहिजे."

गावापर्यंत रंजीता मोटरसायकलवर त्याच्या मागे बसून होती.

आशाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. निकेशने सगळं उभ्यानेच सांगितलं. तिने हात पुसले आणि फोटो घेतला.

"म्हणजे वाघ नव्हता."

"नव्हता."

"माह्या पायाले अजून कापरं भरते, निकेश. पानं वाजली का भरते." ती फोटोकडे पाहत राहिली. तो शिव्यांची वाट पाहत होता. "अशी दिसतो मी भेल्यावर," ती म्हणाली. मग फोटोच्या कडेवर बोट फिरवत, "याच्यात मी एकटीच हाय. आमी चौघी होतो. तिघी कुठी गेल्या?"

"चौकटीच्या बाहेर राह्यल्या, आशाबाई."

"काऊन?"

त्याच्याकडे उत्तर होतं. एकटं माणूस फोटोत जास्त उठून दिसतं, हे त्याला तीन वर्षांत पाच वेळा सांगितलं गेलं होतं. ते त्याने सांगितलं नाही.

"त्याइले बी सांग जाऊन," आशाबाई म्हणाली. "मी नाई सांगत. मी सांगतलं त म्हणतीन, पोराले वाचवून राह्यली. वनरक्षकाले बी तूच सांग. आणि हा फोटो नेऊन दाखव सर्व्याइले. माह्या घरी ठेवू नोको."

त्या तिघींपैकी सोमारीबाईचं घर तिसरं. ती अंगणात भांडी घासत होती.

"काऊन रे, आज गाडी नाई?"

"आज मंगळवार," तो म्हणाला आणि फोटो तिच्यापुढे धरला. तिचे हात राखेने भरलेले होते, म्हणून तो तसाच धरून उभा राहिला, तिचं पाहून होईपर्यंत.