टबाखालचे तीन ठोके

भूतप्रेत, आत्मा... आपला त्या लाइनशी कधी संबंधच आला नाही. मी मोटर-पंपांचा माणूस. मोटर बंद पडली तर त्याला कारण असतं, आणि शोधलं की ते सापडतं. निदान त्या दुपारपर्यंत माझं हेच मत होतं. (इंदूरचा आहे, मराठीत हिंदी घुसेल, सांभाळून घ्या.)

आमची मिल बंद होऊन तीन वर्षं झाली होती. तिथे मी इलेक्ट्रिक खात्यात होतो. मिल गेल्यावर थैलीत पेचकस-पाने टाकून सायकलवर फिरायचो, लोकांचे कूलर आणि पंप दुरुस्त करायचो. इकडे भोंगा बंद झाल्यामुळे सकाळी उठून करायचं काय हे आम्हाला कळत नव्हतं, आणि तिकडे शहरात फॉरेनच्या वस्तूंची नुसती रेलचेल. अशाच एका नव्या बंगल्यातून बोलावणं आलं. सेठजींचा हॉट टब बंद पडला होता. म्हणजे मागच्या ओट्यावर ठेवलेला चार माणसांचा हौद, आणि त्यातलं गरम पाणी फिरवायला खालच्या पोकळीत पंप. इंदूरच्या मे महिन्यात गरम पाण्यात कोण बसतं, हे मी विचारलं नाही.

मोटर नुसती गूं गूं करत होती, फिरत नव्हती. कपॅसिटर बघितला, ठीक होता. टबातलं पाणी काढून पंप खोलला तर सील गळून बेअरिंग गंजलेलं, शाफ्ट जाम. सियागंज बाजारातून दोन्ही आणून बसवलं. शाफ्ट बोटानं फिरायला लागला. आता क्षणभर चालू करून बघायचं, म्हणून वायरींचं झाकण उघडंच ठेवलं आणि खटका दाबायला भिंतीपलीकडच्या स्टोअररूममध्ये गेलो. तिथून टब दिसत नव्हता. टबाचा पाईप तेवढा भिंतीतून आत आलेला.

खटक्यावर हात ठेवला आणि सवयीनं पान्यानं पाईपवर दोन ठोके दिले.

ही आमची मिलमधली पद्धत. लूमच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून खटक्यावरचा माणूस दोन ठोके द्यायचा. मशीनजवळच्यानं एक ठोका दिला की हात बाहेर, चालू कर. तीन दिले की थांब. माझा जोडीदार रघुनाथ आणि मी आठ वर्षं असंच काम केलं. मिल बंद व्हायच्या सालभर आधी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मशीनमध्ये गेली. खटक्यावर मी होतो. चौकशीत मी सांगितलं, एकच ठोका आला. रघुनाथ काहीच बोलला नाही. ठपका त्याच्यावर आला, त्याला घरी बसवलं. मग तो कुणाशी बोलेनासाच झाला, आणि मिल गेली तिच्या मागोमाग तोही वारला.

तर... मी ठोके दिले, नि पलीकडून उत्तर आलं. सावकाश, मोजून. एक. दोन. मग जरा थांबून, तीन.

माझा हात खटक्यावरून आपोआप खाली आला.  तसाच धावत मागे गेलो. बंगल्याचा माळी भेरूजी, हातोद गावचा म्हातारा, टबाखाली अर्धा आत शिरून सांडलेलं पाणी फडक्यानं पुसत होता. अनवाणी, ओल्या फरशीवर, आणि एक हात आधाराला थेट उघड्या वायरींवर.

त्याला ओढून बाहेर काढलं. ठोके का दिलेस, विचारलं. त्यानं हातातलं फडकं वर करून दाखवलं.

"मैंने कहाँ ठोका, भिया? मेरे तो दोनों हाथ काम में भिड़े थे."

पाईप रिकामा होता, म्हणजे पाण्याचा आवाज नाही. हीटर बंद. घरात दुसरं कुणी नाही. आणि ते ठोके मी ओळखतो हो... तिसऱ्याच्या आधी जरा थांबायची सवय एकाच माणसाची होती.

मोटर नंतर सुरळीत चालली. मी तिथून घरी न जाता सरळ रघुनाथच्या घरी गेलो. वहिनी गहू निवडत होत्या. मी दारातच उभा राहून सांगून टाकलं, जे आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मिलमध्येही तीनच ठोके आले होते. मी पहिला ऐकला आणि घाईत खटका दाबला, पुढचे दोन ऐकू आले तेव्हा मशीन फिरत होतं.

वहिनींनी सूप खाली ठेवलं.

"मला माहीत आहे, भावजी. ह्यांनी दवाखान्यातच सांगितलं होतं. म्हणाले, खरं बोललो तर त्याची नोकरी जाईल, पोरं लहान आहेत त्याची."

 लाज वाटली, रडूही आलं.

त्या पाईपचं कारण मला आजपर्यंत सापडलेलं नाही, आणि आता मी शोधतही नाही. ज्या नोकरीसाठी तो गप्प बसला, ती त्यानंतर एकच वर्ष टिकली.